हो, माझी लेक प्रागला गेली होती

आज नात्यातल्या एका मुंजीला गेले होते. पंगतीत मठ्ठा वाढून झाला आणि समोरच्या रांगेतून एक वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "काय गं, तुझी लेक शिकायला गेलीये ना? परवा प्रागचे फोटो बघितले. मजा आहे बाई! कर्ज फेडायचंय म्हणावं अजून." आजूबाजूचे चारजण हसले. दुसऱ्याच्या कार्यात तोंड उघडायचं नाही म्हणून मी गप्प जेवले. पण संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा कळलं की तिने ते फोटो केव्हाच काढून टाकलेत. "उगाच तुला ऐकून घ्यावं लागतं गं आई," म्हणाली. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

म्हणून इथे लिहिते. हो, गेली होती ती प्रागला. शनिवारी पहाटेच्या बसने गेली, रविवारी रात्री परत, सोमवारी सकाळी लॅबमध्ये हजर. ती शिकते जर्मनीत ड्रेस्डेनला, तिथून प्राग म्हणजे आपल्या पुणे-मुंबईएवढं अंतर. तिकडच्या रेसिडेन्स परमिटवर वेगळा व्हिसाही लागत नाही. राहिली हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, वरच्या बंकवर. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, आदल्या रात्री स्वतः लाटलेल्या. आणि पैसे कुणाचे? तिच्या हिवीच्या कामाचे. प्रोफेसरांच्या हाताखाली तासांवर मोजून मिळतात ते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिच्याच नावाच्या कुलूपबंद खात्यात, 11,904 युरो आधी भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 च बाहेर येतात. त्यात खोलीचं भाडं, विमा, जेवण. ती पोर कांदा घेतानासुद्धा दोन दुकानांतले भाव बघते. तिला कर्जाची आठवण करून देणारे आपण कोण?

आता ती तिथे काय बघत होती ते सांगते. लेक पाण्याचं इंजिनिअरिंग शिकते. शनिवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला, तर पडद्यावर ना किल्ला ना ते प्रसिद्ध घड्याळ. व्ल्तावा नदीच्या काठच्या भिंतीत बसवलेलं एका दाढीवाल्या माणसाचं दगडी डोकं. चार्ल्स ब्रिजच्या अगदी शेजारी. त्याला तिथे ब्रादाच म्हणतात. जुन्या काळी लोक नदीची पातळी त्याच्यावरून बघायचे. पाणी दाढीला लागलं की काठच्या लोकांनी सावध व्हायचं, डोकं बुडालं की जुन्या शहराच्या चौकापर्यंत पाणी. आधीचा पूल 1342 च्या पुरात गेला, म्हणून 1357 मध्ये हा बांधायला घेतला. 1890 मध्ये याच्याही तीन कमानी कोसळल्या. हे सगळं ती वाऱ्यात ओरडून सांगत होती, केस तोंडावर येत होते, आणि मी सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई नारायण पेठेतल्या वाड्यात वाढल्या. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा शाळेत होत्या. त्या दिवसाबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. आम्हाला माहीत होतं ते एवढंच, की पाणी ओसरल्यावर घरातली पितळी पातेली गाळाने काठोकाठ भरलेली होती, आणि तो वास महिनोन्महिने गेला नाही.

नात मग पूल ओलांडून काम्पा बेटावर गेली. तिथे 2002 चा पूर कुठवर चढला होता त्याची खूण भिंतीवर आहे. ती खुणेखाली उभी राहिली, हात वर केला, तरी हात पोचेना. सासूबाईंनी चष्मा लावून फोन अगदी डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "आमच्या वाड्यात जिन्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं." आणि मग सांगतच राहिल्या. कोण कुणाला पाठीवर घेऊन निघालं, पर्वतीकडे कसे पळाले, दुसऱ्या दिवशी प्यायच्या पाण्यासाठी काय हाल झाले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हे कधी ऐकलं नव्हतं. नात प्रागमध्ये थंडीत उभी राहून ऐकत होती.

व्ल्तावाच पुढे एल्बेला मिळते, आणि एल्बे ड्रेस्डेनमधून जाते. त्या 2002 च्या पुरात ड्रेस्डेनचं रेल्वे स्टेशनसुद्धा पाण्यात होतं. प्रागचं जुनं शहर मात्र नदीकाठी उभ्या केलेल्या तात्पुरत्या भिंतींनी वाचवलं, ते कसं, हे ती प्रत्यक्ष जागेवर बघून आली. आणि आपल्याकडे? 2024 च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत लोकांच्या घरात शिरलं. या विषयात काम करणारी माणसं या शहराला नकोत का?

हां, सगळीच पोरं काही पुराच्या खुणा बघायला जात नाहीत. काही नुसती बिअर प्यायला जातात, काही कर्जाच्या पैशांवर युरोप पालथा घालतात, हेही खरं आहे. बास, एवढंच मान्य.

पण मुळात मी हे सगळं सिद्ध का करत बसले आहे? समजा ब्रादाच दिसला नसता. समजा ती नुसती हिंडली असती, तासाच्या ठोक्याला त्या घड्याळाखाली गर्दीत उभी राहून वर बघत बसली असती (तेही केलंच तिने, आणि खूप हसली), तर काय बिघडलं असतं? चोविशीतली मुलगी आहे. चार वाजता अंधार पडतो ड्रेस्डेनला हिवाळ्यात. रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही. गेल्या थंडीत फोनवर "बरी आहे" एवढंच म्हणायची, आणि आवाजावरून मला कळायचं की बरी नाहीये. काम्पावरून बोलत होती तो आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकला.

आणि एक सांगा. याच घरातला मुलगा म्युनिकहून पॅरिसला गेला तेव्हा याच वहिनी म्हणाल्या होत्या, "पठ्ठ्या जग बघतोय!" त्याचं कर्ज नव्हतं? त्याचंही होतं. मला ठाऊक आहे, आम्ही जामीन आहोत.

आता तिला रॉटरडॅमजवळ समुद्राचं पाणी अडवणारी ती प्रचंड दारं बघायची आहेत. 1953 च्या पुरात डच लोकांचे हाल झाले, त्यानंतर त्यांनी जी कामं काढली त्यातलं ते शेवटचं मोठं, 1997 चं. तिकीट महाग आहे म्हणून घुटमळतेय. मी आजच सांगितलं, जा, अर्धे पैसे माझे. सासूबाई म्हणाल्या, उरलेले माझे. ज्यांना कुणाला हिशेब हवा असेल त्यांनी मला फोन करावा. तिला मेसेज करायचा नाही.