मधली धार

शेरूला लघवी करायला लावावं लागत नाही. ती डबीत करायला लावावी लागते, तिथे माणसाचं शिक्षण कमी पडतं.

मे महिना, जळगाव, पारा ४५ला टेकलेला. अशात आमचा कुत्रा शेरू पाण्याच्या बादल्या रिकाम्या करायला लागला. डॉक्टर म्हणाले, "उन्हानेही असेल, पण किडनी आणि साखर बघून घेऊ. सकाळची पहिली लघवी आणा, मधली धार." मेडिकलवाल्याने डबी देताना पेशंटचं वय विचारलं. सहा म्हटल्यावर तो हळहळला.

आता नर कुत्र्याच्या बाबतीत ही मधली धार नावाची गोष्टच नसते. तो हप्त्यांनी भरणा करतो. पाटलांच्या स्कूटीला चार थेंब, विजेच्या खांबाला सहा, नव्या नंबरप्लेटला खास आग्रहाचे दोन. तेवढ्यात खाली डबी धरायची म्हणजे त्याच्या शेजारी उकिडवं बसायचं. बसलो की तो पाय खाली घेऊन माझ्याकडे बघतो. त्या नजरेत राग नसतो, काळजी असते.

मग लांब दांड्याचा डाव काढला. बायकोने तो दिला तो कायमचाच. मी पुन्हा पुन्हा घासून, खळखळून धुऊन कोरडा केला. आदल्या रात्रीचा आमरस त्यात चिकटून राहिला असता तर शेरूला फुकटचा मधुमेह लागला असता. गल्लीत पहाटे कुत्र्यामागे डाव लपवत, आकाशाकडे बघत चाललेला मी बघून समोरचे आप्पा ओट्यावरून ओरडले, "काय करी ऱ्हायना भो?" शेरूचा पाय वर होता. बोलायची सोय नव्हती.

मिळाली एकदाची. पण दवाखाना उघडतो दहाला, आणि नमुना तासाभरात तपासलेला बरा, नाहीतर फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये! तिथे मेतकुटाची बरणी, भरताची वांगी आणि सासूबाईंनी पाठवलेला लोणच्याचा मसाला. डबीवर ठळक अक्षरात "शेरू" लिहिलं, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या चढवल्या, तरी आमच्याकडे दोन दिवस कुणी फ्रीजचं पाणी प्यायलं नाही.

डॉक्टरांनी एक थेंब एका दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर टाकला आणि उजेडाकडे धरून डोळा लावला. "विशिष्ट गुरुत्व १.०३८. किडनी पाणी चांगलं आटवतेय." पट्टी बुडवली, साखर नाही. फिरवून खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि म्हणाले, "थोडे स्फटिक दिसतायत, पण फ्रीजमध्ये ठेवल्यानेही होतात. पुढच्या वेळी ताजी आणा."

पुढच्या वेळी.

"दुसरा मार्ग नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. सोनोग्राफीत बघून पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातून काढतो. सगळ्यात स्वच्छ नमुना. दोन मिनिटांचं काम."

"मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंत?"

"त्याला पिशवी भरलेली लागते. तुमच्या घरापासून इथपर्यंत किती गाड्या उभ्या असतात?"