खाली एक, वर एक

बेळगावात पावसाची झड लागली की माणसं खिडक्या घट्ट लावून घेतात आणि मग कुबट वास कुठून येतोय म्हणून घरभर हुंगत फिरतात. मी म्हणतो, शोधता काय, आपलाच आहे! दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत दोघं झोपली आणि फटीतूनही हवा येत नसली, तर शिळ्या हवेचं माप म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, तो तासाला साधारण ७५० पीपीएमनं (हवेच्या दहा लाख भागांत ७५० भागांनी) चढतो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास. वर दोरीवर ओल्या चादरी. खानापूरकडच्या मंगळुरी कौलांच्या घरांत ही भानगड नव्हती; गरम हवा कौलांच्या फटींतून आपली आपण निघून जायची. स्लॅब पडला, फटी बुजल्या.

उपाय सोपा आहे, गवंड्याला पटवणं सोडून. जमिनीपासून सहा इंचांवर एक झडप, म्हणजे हवेसाठी भिंतीतलं भोक, समोरच्या भिंतीत छताखाली दुसरी. बाहेरची हवा खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंड असली की फरशीवर पसरते, माणसांच्या अंगाच्या उबेनं वर चढते आणि वरून बाहेर पडते. वेग सेकंदाला ०.२ मीटर. अंगाला कळतसुद्धा नाही.

गवंडी लगेच चार इंची पीव्हीसी पाइप आणतो. "भोक म्हंजे भोकच की ओ!" नाही ओ. दोघांना सेकंदाला २० लिटर ताजी हवा धरली, तर त्या पाइपातून ती अडीच मीटरच्या वेगानं घोट्यावर आदळणार आणि दुसऱ्याच दिवशी पाइपात चिंध्यांचा बोळा बसणार. तीच हवा सावकाश यायला चौरस फूटभर मोकळी जागा लागते. त्यातली जवळपास निम्मी लुव्हर (तिरप्या पट्ट्या) आणि डासांची जाळी खातात, म्हणून भोक दोन फूट बाय एक. एवढं ऐकलं की घरातली वडीलधारी विंचवाचं नाव काढतात. जाळी आहे, मामा! ती घासायची मात्र दर महिन्याला. पाच अंशांचा फरक असला तरी हवा ढकलणारा दाब अर्ध्या पास्कलच्या आसपास, म्हणजे नावापुरताच, धुळीपुढे त्याचं काय चालणार?

वरची झडप पश्चिमेला नको. पावसाळी वारा तिकडूनच येतो, तो वरून आत घुसतो आणि सगळं उलटं फिरतं.

"बाहेरची ओली हवा कशाला आत घेता?" हा काकूंचा प्रश्न खरा बिनतोड वाटतो. पण २१ अंशांची ९५ टक्के दमट हवा खोलीत २६ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ७० टक्क्यांवर येते. चादरी तिच्यातच वाळतात.

एवढं जमल्यावर कोणीतरी छताचा पंखा पाचावर लावतो. वरची शिळी हवा ढवळून परत नाकाशी! स्वयंपाकघरात तर आणखी मजा. दारं-खिडक्या बंद करून एक्झॉस्ट फॅन लावला की तो हवा आणणार कुठून? न्हाणीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराची हवा अडवणाऱ्या जाळीखालच्या वाकणातलं, पाणी वाळलेलं असलं तर थेट गटारातून. मग फोडणीत भलताच वास मिसळतो आणि बोलणी खातो बिचारा फॅन.