फ्योर्ड एका दिवसात उरकत नाही

उन्हाळी सहलींचे बेत सुरू झाले की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: नॉर्वेत फ्योर्डच्या, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, काठी मुक्काम म्हणजे पैशाची उधळपट्टी, ऑस्लोहून एका दिवसात फ्योर्ड होतो. वाचलेल्या वेळात कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम धरून आठ दिवसांत अख्खं स्कॅन्डिनेव्हिया होतं. पाऊस लागला तर काठावर बसून करणार काय? शाकाहारी माणसाची उपासमार ठरलेली. आणि व्हिसा कुठल्याही देशाचा काढा, शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) सगळं एकच.

वर्षानुवर्षं पैसे साठवून निघालेली माणसं यावर विसंबून बेत आखतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी तो ‘एक दिवस’ पाहू. सकाळी ऑस्लोहून पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनची गाडी धरायची, मिर्दालला उतरून फ्लोमच्या रेल्वेत बसायचं, फ्लोमहून गुडवांगेनपर्यंत बोट, तिथून व्हॉसपर्यंत बस आणि पुन्हा रेल्वेने रात्री बर्गन. मार्ग अप्रतिम आहे, त्यावर वाद नाही. फ्लोमची रेल्वे 866 मीटर उंचीवरून 20 किलोमीटरमध्ये पाण्याच्या पातळीला उतरते, ती चुकवूच नये. पण सकाळपासून रात्रीपर्यंतच्या या धावपळीत प्रत्यक्ष फ्योर्डच्या पाण्यावर मिळतात जेमतेम दोन तास. याच बोटीच्या वाटेवरचा नॅरॉयफ्योर्ड एका ठिकाणी 250 मीटर इतका अरुंद होतो, दोन्हीकडचे कडे अंगावर आल्यासारखे वाटतात. 2005 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं ते उगाच नाही. तिथे आपण काय करतो, तर पुढची बस चुकणार नाही ना म्हणून घड्याळ बघतो.

मुक्काम केला की काय मिळतं? संध्याकाळ. दिवसाच्या सहलीला आलेली मंडळी परतली की फ्लोमचा धक्का रिकामा होतो. जूनअखेरीस रात्री अकरापर्यंत सहज उजेड असतो. ऊन मात्र आधीच डोंगराआड गेलेलं, फक्त समोरच्या कड्याच्या माथ्यावर पिवळी पट्टी उरते आणि ती सावकाश वर सरकत जाते. सकाळी उठावं तर ढग डोंगराच्या कमरेला बांधल्यासारखे, आणि धबधबे त्या ढगातून खाली येताना दिसतात, कुठून सुटले ते दिसतच नाही. हातात अख्खा दिवस असेल तर औरलंडच्या वर 650 मीटरवरच्या स्टेगास्टाइनच्या सज्जातून फ्लोमचाच फ्योर्ड खाली पाहता येतो. नाहीतर बकरीच्या दुधाच्या तपकिरी चीजसाठी ओळखलं जाणारं उन्द्रेदाल गाठता येतं. तिथलं मध्ययुगीन लाकडी चर्च इतकं लहान आहे की चाळीसेक माणसांत भरतं. आणि यासाठी मार्ग बदलावा लागत नाही. हीच रेल्वे, हीच बोट, फक्त तिकिटं टप्प्याटप्प्याने वेगळी काढायची आणि मधे दोन-तीन रात्री थांबायचं.

राहिला खर्च. फ्योर्डकाठची नावाजलेली हॉटेलं महाग आहेत, हे खरंच आहे. सोग्नेफ्योर्डवर बालेस्ट्रांडला 1877 पासून चालत आलेलं क्विकनेस हॉटेल स्वस्त कसं असेल? पण उन्हाळ्यात ऑस्लो आणि बर्गनही स्वस्त नसतात, आणि रात्र कुठेतरी काढायचीच आहे. भाड्यात बहुधा भरपेट नाश्ता असतो. खोली घेताना मात्र ती फ्योर्डकडे तोंड करून आहे ना, हे बघून घ्या. हॉटेल काठावर आणि खिडकी मागच्या डोंगराकडे, असं होऊ शकतं. त्याहून कमी पैशांत कॅम्पिंगच्या जागेवरची लाकडी केबिन मिळते. तिला ‘हिट्टे’ म्हणतात आणि अनेक केबिनींत छोटं स्वयंपाकघरही असतं.

उपासमारीच्या भीतीवर तोच उतारा. तांदूळ, मुगाची डाळ, भाजणी, मेतकूट न्या, बाकी भाजीपाला तिथल्या सुपरमार्केटात घ्या. फक्त तूप, पेढे, पनीर बॅगेत भरू नका. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणायला प्रवाशांना मनाई आहे.

पावसाचा मुद्दा तर संदेश लिहिणाऱ्यावरच उलटतो. बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. मग सगळा डाव एकाच दिवसावर लावायचा की उद्याचा दिवस हाताशी ठेवायचा? शिवाय आंबोली भर पावसात बघायला जाणाऱ्या मराठी माणसाला, पाऊस पडला की धबधबे फुगतात, हे कुणी सांगायला नको.

आठ दिवसांत तीन राजधान्या ‘होतात’ त्या स्टेशन, हॉटेल आणि बॅगांच्या रूपात. चलनंही तीन, कारण तिन्ही देशांचे क्रोन वेगवेगळे. आठ रात्री असतील तर मी अशा वाटेन: ऑस्लो दोन, फ्योर्डकाठी तीन, बर्गन एक, मग विमानाने कोपनहेगन दोन आणि तिथूनच मुंबई. स्टॉकहोम पुढच्या खेपेला.

व्हिसाचा सल्ला सरळसरळ चुकीचा आहे आणि तो अंगाशी येऊ शकतो. शेंगेनच्या नियमानुसार मुख्य मुक्काम ज्या देशात, अर्ज त्याच देशाकडे करायचा. मुक्काम सारखाच असेल, तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्या देशाकडे. वरच्या बेतात सहा रात्री नॉर्वेच्या, म्हणून अर्ज नॉर्वेकडेच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. पण खोली त्याहीआधी धरा, रद्द करता येईल अशी, कारण फ्लोमसारख्या गावांत हॉटेलं मोजकीच आहेत.