मगरीच्या अश्रूंविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘सप्रेम’ हा शब्द मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा तसाच राहू दिला. पत्राची सुरुवात कशी करावी हे आम्हाला शाळेत शिकवले होते, आणि समोरच्याने कोणत्या भाषेत लिहिले आहे यावर ते शिक्षण अवलंबून नव्हते. बराक ओबामा यांच्या विजयावर ५ नोव्हेंबर २००८ च्या पहाटे मी जो लेख लिहिला, त्यावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा एकदा वाचली. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांना मत देऊनही तो निकाल ऐकताना माझे डोळे का भरून आले, एवढाच त्या लेखाचा विषय होता. ज्यांनी आपली प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. व्हर्जिनियाबाबतचा माझा आकडा चुकला आहे. इराक, आर्थिक कोसळण आणि मॅकेन यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्याविषयी मी मौन पाळले आहे. माझ्यासारख्यांच्या मनासारखे झाले असते तर हा दिवस उगवलाच नसता. आणि शेवटी आपल्याच शब्दांत, ‘तुमच्या आडनावाच्या माणसाने फुल्यांची अर्पणपत्रिका अर्धी छापून मगरीचे अश्रू गाळावेत, यापरते ढोंग नाही.’

आधी चूक कबूल करतो. व्हर्जिनियाने ४० वर्षांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला असे मी लिहिले होते. यापूर्वी तो कौल १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांना मिळाला होता, म्हणजे ४४ वर्षे झाली. पहाटे तीन वाजता लिहिताना वजाबाकी चुकली. आपण ती दाखवून दिलीत याबद्दल मनापासून आभारी आहे. मात्र दुसऱ्याच्या वजाबाकीवर बोट ठेवताना आपण जाता जाता ‘नॉर्थ कॅरोलायनाही १९६४ नंतर प्रथमच’ असे लिहिले आहे, तेही बरोबर नाही. त्या राज्याने १९७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्याच जिमी कार्टर यांना मते दिली होती. १९६४ नंतर प्रथमच वळले ते इंडियाना. असो.

इराक, बँका आणि पेलिनबाई यांच्याविषयी मी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे लिहायचे ते लिहिले आहे, आणि ज्यांना वाचायचे होते त्यांनी ते वाचले आहे. एका रात्रीच्या अनुभवावरच्या लेखात बुडालेल्या लेहमन ब्रदर्स बँकेचा हिशेब का नाही, असे विचारणे म्हणजे लग्नपत्रिकेत पर्जन्यमान का दिले नाही असे विचारण्यासारखे आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळतो, कारण खरे सांगायचे तर उरलेली प्रतिक्रिया त्या वाक्याला टेकू म्हणूनच लिहिलेली दिसते.

माणसाच्या कातडीचा रंग पाहून त्याची किंमत ठरवणाऱ्या एका देशाने त्या सवयीवर पहिल्यांदाच एवढी मोठी मात केली, त्याबद्दलच्या लेखावर प्रतिक्रिया देताना आपल्याला लेखकाचे आडनाव पाहावेसे वाटले, यातली विसंगती आपल्या लक्षात कशी आली नाही? मी काय लिहिले ते चूक आहे, असे आपण म्हणाला असता तर मी वाद घातला असता. ते मी लिहिता कामा नये, कारण मी अमुक घरात जन्मलो, असे आपण म्हणता. हेच वाक्य उलट दिशेने कुणी आपल्याला ऐकवले असते तर आपण त्याला काय म्हणाला असता, याचा विचार करून पाहावा. आणि आपण स्वतः मात्र ‘एक वाचक’ या नावाआड सुखरूप बसला आहात. तुम्हाला माझे आडनाव दिसते, मला तुमचे नावही दिसत नाही. तरी मी उत्तर देतो आहे, आणि तुमच्या आडनावाचा अंदाज बांधण्याच्या फंदात पडत नाही, एवढा फरक आपल्या दोघांत राहू द्या.

अर्पणपत्रिकेविषयी. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवले होते. हा उल्लेख माझ्या लेखात होता. त्या सदाचारी लोकांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, ही आशा त्याच अर्पणपत्रिकेत पुढे आहे, आणि ती मी दिली नाही, हेही खरे आहे. लेख अमेरिकेतल्या निवडणुकीवर होता, म्हणून तिच्याशी संबंधित भाग तेवढा घेतला. त्याला ‘सोयीस्कर गाळणे’ म्हणणे आपल्या हातात आहे आणि आपण ते म्हटले आहे. अर्पणपत्रिका ज्या लोकांना होती त्यांचा अध्यक्ष अब्राहम लिंकन रिपब्लिकन होता, असेही मला इथे सुचवता आले असते. पण ही निव्वळ कोटी आहे हे मला कळते. १९६४ नंतर वर्णभेदाच्या प्रश्नावर दोन्ही पक्षांनी आपापल्या जागा कशा बदलल्या, हे व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, ज्याने आयुष्य काढले त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

आणि आडनावाचाच प्रश्न आला आहे तर ऐका. आमच्या वाईच्या घरी परसदारी कोनाड्यात एक कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असे. ती कुणासाठी होती हे मला माहीत होते. ती धुऊन परत कोनाड्यात कोण ठेवत असे, तेही मी पाहिले आहे. घरातले कुणी ठेवत नसे. आजीशी मी त्यावरून भांडलो, असे इथे लिहिले असते तर छान दिसले असते. पण मी भांडलो नाही, आठ-नऊ वर्षांचा होतो आणि मला ते हवा-पाण्यासारखे स्वाभाविक वाटत होते. त्या कपबशीचा अर्थ मला कळला तो १९७९ साली, रिचमंडमध्ये, नोकरीला लागून दोन आठवडे झाले असताना. फोनवर मोकळी असलेली भाड्याची जागा मी दारात उभा राहताच ‘कालच गेली’ झाली. घरमालक अत्यंत सभ्यपणे बोलला आणि त्याने मला पाणीही विचारले. ते पाणी मी प्यायलो की नाही हे आज आठवत नाही, पण तो कोनाडा डोळ्यांपुढे आला हे पक्के आठवते. तेव्हा, महोदय किंवा महोदया, हे अश्रू कुठल्या प्राण्याचे आहेत हे ठरवण्याआधी ते कुठून आले एवढे विचारले असते तरी चालले असते.

मी या देशात आलो तो १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये आमच्यासारख्यांसाठी दार उघडले. १९२३ मध्ये याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले होते. ते दार उघडायला काळ्या माणसांनी जी किंमत मोजली ती आम्ही मोजली नाही. आम्ही पदव्या घेऊन विमानातून उतरलो. हे ऋण मी मानतो, आणि माझ्या लेखातला तिसरा परिच्छेद त्याविषयीच होता. तो आपण वाचला असावा असे आपल्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

मतांचाच हिशेब हवा असेल तर तोही देतो. नागरिक झाल्यावर व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदासाठी मी पहिले मत दिले ते १९८९ मध्ये, डग्लस वाइल्डर यांना. गुलामांचे नातू असलेले वाइल्डर डेमोक्रॅट होते, आणि या देशात गव्हर्नर म्हणून निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. मतदानोत्तर चाचण्यांनी त्यांना मोठी आघाडी दिली होती. प्रत्यक्षात सुमारे १८ लाख मतांमध्ये ते सात हजारांहूनही कमी मतांनी जिंकले, कारण चाचणीवाल्यांना एक सांगून पडद्याआड दुसरेच करणारे लोक पुष्कळ होते. मी त्यांच्यात नव्हतो. यंदा मी मॅकेन यांना मत दिले ते कर आणि परदेश व्यापार यांविषयीच्या माझ्या मतांमुळे. आणि व्हिएतनाम युद्धात पकडले जाऊन हॅनॉयच्या तुरुंगात साडेपाच वर्षे काढताना, लवकर सुटकेची संधी आली असूनही ‘आधी पकडलेले आधी सुटतील’ म्हणून ती नाकारणाऱ्या माणसाबद्दलच्या आदरामुळे. ओबामांना मी मत दिले नाही म्हणून ओबामा कोण आहेत हे मला दिसत नव्हते, असे अनुमान आपण कोणत्या तर्कशास्त्रात शिकलात?

माझा एक जुना कृष्णवर्णीय सहकारी व्हर्जिनियातल्याच प्रिन्स एडवर्ड काउंटीतला आहे. त्याचे नाव मी देणार नाही, कारण त्याने माझ्या वादात साक्षीला उभे राहायचे कबूल केलेले नाही. काळ्या मुलांना गोऱ्या मुलांबरोबर बसवा, असा न्यायालयाचा आदेश आला तेव्हा त्या काउंटीने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावले. ते १९६४ पर्यंत निघाले नाही. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. माझा सहकारी तेव्हा नऊ वर्षांचा होता. दोन वर्षे तो घरीच बसला आणि मग आईने त्याला नॉर्थ कॅरोलायनात मावशीकडे धाडले. त्याच्या हिशेबाच्या वहीत आजही गुणाकाराची मांडणी थोडी वेगळी असते, कारण ती त्याला चर्चमधल्या एका बाईंनी शिकवली. ४ तारखेला रात्री अकराला निकाल जाहीर झाला आणि साडेअकराला मी त्याला फोन केला. ‘जागा आहेस?’ असे विचारले. तो म्हणाला, ‘आज कोण झोपतंय?’ त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. दोन्हीकडे टीव्हीवर शिकागोच्या ग्रँट पार्कमधला एकच आवाज चालू होता. शेवटी तो म्हणाला, ‘तुझ्या अंगणातली मॅकेनची पाटी सकाळी काढून टाक, पाचोळा गोळा करताना पायात येईल.’ माझे मत त्याला पाटीसकट माहीत होते. त्याने मला ढोंगी म्हटले नाही. ज्याची दोन वर्षांची शाळा गेली त्याला जे म्हणावेसे वाटले नाही, ते आपल्याला हजारो मैलांवरून म्हणावेसे वाटले.

राहिले आपले ते दुसरे वाक्य, की माझ्यासारख्यांच्या मनासारखे झाले असते तर हा दिवस उगवलाच नसता. याचे उत्तर मॅकेन यांनी त्याच रात्री फीनिक्समध्ये देऊन ठेवले आहे. ओबामांचे नाव घेताच समोरच्या गर्दीतून हुर्यो उठली, तेव्हा त्यांनी हात वर करून ती थांबवली. शंभर वर्षांपूर्वी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले तेव्हा केवढा गहजब झाला होता, त्याची त्यांनी आठवण दिली. कृष्णवर्णीय अमेरिकनांसाठी या विजयाचे मोल विशेष आहे आणि आजची रात्र त्यांच्या अभिमानाची आहे, हेही ते म्हणाले. अपयश माझे आहे, तुमचे नाही, असे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांच्याच कृष्णवर्णीय परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइस यांनी आपल्याला विशेष अभिमान वाटतो असे सांगितले. त्या अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या. तिथल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये १९६३ साली झालेल्या बॉम्बस्फोटात मारल्या गेलेल्या चार मुलींपैकी एक त्यांची मैत्रीण होती. यांचेही अश्रू आपण मगरीचे ठरवणार का? मॅकेन यांना सुमारे सहा कोटी मते पडली. त्या सहा कोटींपैकी ज्यांना ज्यांना त्या रात्री काही वाटले असेल त्या सर्वांची आडनावे आपण तपासणार आहात काय?

मी प्रश्नाला बगल देतो आहे असे आपण म्हणाल. म्हणा. मी हरलेल्या बाजूला होतो आणि त्या रात्री मला हरल्याचे दुःख झाले नाही. हे जसे घडले तसे मी लिहिले. त्याची सुसंगत मांडणी करून दाखवण्याचा करार मी कुणाशी केलेला नाही. जिंकलेल्या बाजूला असूनही ज्यांना त्या रात्री दुसऱ्याला ढोंगी ठरवण्यापलीकडे काही सुचले नाही, त्यांच्या आनंदाचा हेवा मला वाटत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तीत आडनावाचा उल्लेख आहे तोही राहू दिला आहे. लेखात ‘४० वर्षांनी’ होते तिथे ‘४४ वर्षांनी’ असे केले आहे. अर्पणपत्रिकेचा उत्तरार्धही आता खाली जोडला आहे. तो आपण सांगितला म्हणून जोडलेला नाही. काल रात्री पुस्तक काढून पुन्हा वाचताना तो तिथे असायला हवा होता असे मलाच वाटले. बाकी लेख आहे तसाच राहील.

कळावे.