नाव कुठं आहे तुमचं?

गुरुवारी, १५ जानेवारीला, पुणे महापालिकेचं मतदान झालं. संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा माझ्या बोटाला शाई होती आणि नवऱ्याचं बोट कोरं. सुट्टी म्हणून तो दिवसभर लोळला, दुपारी गॅलरीतल्या कुंड्यांची माती बदलली, आणि मी केंद्रावरून आले तर विचारतो, "रांग होती का गं?" त्याचं मत २ डिसेंबरलाच देऊन झालंय. भोरला, नगरपरिषदेचं. राहतो आम्ही धायरीत. चौदा वर्षं झाली.

असे पुण्यात किती जण आहेत ते बघायचं असेल तर गावाकडच्या मतदानादिवशी भल्या पहाटे नवले पुलापाशी उभं राहा. स्वेटर, कानटोपी, हातात पोराचं बोट, आणि फोनवर "कुठं पोचली गाडी?" गाडी कुणाची ते विचारायचं नसतं.

माझं नाव आजवर तीन याद्यांतून फिरलंय. माहेर सासवड, सासर भोर, घर धायरी. लग्न २००९ चं. अंगावरची हळद उतरली नव्हती तोवर सासऱ्यांनी फॉर्म आणून समोर ठेवला, मी सही केली. सासवडचं नाव गेलं, आडनावही गेलं. माहेरी कुणी रडलं नाही, "गावातून उठलीस" असंही कुणी म्हणालं नाही. बाईचं नाव हलतंच, त्यात काय! पण मागच्या वर्षी मीच ते भोरहून धायरीला न्यायचं म्हटलं, तर घरात तीन दिवस सगळे गप्प गप्प.

गंमत अशी की लोकसभेला मी जागची हललेलीच नाही. सासवड पुरंदरमध्ये, भोर भोरमध्येच, धायरी खडकवासल्यात. आणि २००८ च्या पुनर्रचनेपासून हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ बारामती लोकसभेत. फरक पडतो तो विधानसभेला, आणि त्याहून जास्त नळाच्या पाण्याला.

पाण्यावरूनच माझं डोकं फिरलं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकदच जाते त्या नसांच्या आजाराचे, पेशंट निघायला लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, सगळी आमच्या उठण्याबसण्यातली नावं. संशय पाण्यावर. दोन महिने गॅसवर कायम पातेलं. पोरगा "पाय दुखतात" म्हणाला की माझ्या पोटात गोळा. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसरात्र एकच, "नगरसेवकाला फोन लावा." कुठला नगरसेवक? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली, तेव्हापासून प्रशासक. आणि असता एखादा, तरी मी त्याची कोण? माझं नाव भोरच्या यादीत. पाणी इथलं उकळायचं आणि मत तिथल्या पाण्यावर द्यायचं, हे मला त्या पातेल्यापुढं उभं असताना पहिल्यांदा कळलं.

मग मतदार यादीतलं नाव हलवायचा आठ नंबरचा फॉर्म भरला. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात जायचं तर सहा नंबरचा भरायचे. २०२२ पासून पत्ताबदलही आठमध्येच होतो. पोर्टलवर ओटीपी आणि लाइट बिल, वीस मिनिटांचं काम. ओळखपत्राचा नंबर तोच राहतो. आठवड्याभरानं बीएलओ मॅडम, म्हणजे यादीतली नावं घरोघरी तपासणाऱ्या, आल्या. शाळेत शिकवतात, सुटल्यावर हे काम. काखेत हेल्मेट, हातात यादी. सोफ्यावर न बसता दारातच पट्टी लावून नाव शोधलं आणि म्हणाल्या, "भोरचं नक्की जाऊ दे ना? नाहीतर घरचे मागाहून माझ्यावरच ओरडतात." आतून नवरा हसला. मी नाही हसले.

चुलतसासऱ्यांचं म्हणणं मात्र मला आजही खोडता येत नाही. "पुण्यात तुला कोण ओळखतं? इथं नगरसेवक नावानं हाक मारतो." खरंय. भोरला नगराध्यक्ष थेट निवडायचा, प्रभाग छोटा, पाच-पंचवीस मतांनी माणूस पडू शकतो. तिथं आपलं मत दिसतं. पण नेमकं म्हणूनच मला ते पटत नाही. त्या पाच-पंचवीस मतांत आम्ही पुण्याचे, सकाळी येऊन दुपारी परतणारे. गटार तुंबलं तर वास तिथं राहणाऱ्यांना.

कायदाही तेच सांगतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार म्हणजे त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी. नुसतं घर नावावर आहे एवढ्यानं माणूस रहिवासी ठरत नाही. आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवायला तर बंदीच आहे. तरीही दोन्हीकडं नावं असणारे महाभाग आहेत, म्हणून तर यंदा दुबार नावांपुढं डबल स्टार छापायची वेळ आली.

आता घरमालकांना दोन शब्द. आमच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी दोन मुलं आहेत, नोकरीवाली. मालकानं बजावलंय, "या पत्त्यावर मतदान कार्ड काढायचं नाही." का, तर उद्या घरावर हक्क सांगतील! अहो, मतदार यादीत नाव लागलं म्हणून फ्लॅट कुणाचा होत नाही. नोंदवलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो आणि करार नोंदवणं आपल्याकडं सक्तीचंच आहे. दर महिन्याला भाडं घेताना ती रहिवासी असतात ना?

तर गुरुवार. चार उमेदवार निवडायचे, चार वेळा बटण दाबायचं. माझ्या पुढच्या आजी एक बटण दाबून निघाल्या, आतून ओरडा झाला, "आजी, अजून तीन राहिलीत!" त्या परत वळून म्हणाल्या, "एवढे कशाला?" अख्खी रांग हसली. मशीनसमोर मला चारातली दोनच नावं ओळखीची वाटली, हे लाजत कबूल करते. भोरला सगळीच्या सगळी माहीत असायची.

नवऱ्याला रात्री म्हटलं, आता तू पण आठ नंबर भर. म्हणाला, "बघू." हा "बघू" मी सोळा वर्षं ओळखते.

पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, नंतर चार महिने त्या आमच्याकडं राहतील. काल फोनवर तारीख ठरवून झाली आणि त्यांनी मुद्दाम बजावलं, "माझं नाव बिव हलवू नकोस हं तिकडं." म्हटलं, तात्पुरतं राहायला आल्यानं नाव जात नाही, काळजी करू नका. जरा थांबून म्हणाल्या, "वाईहून एकदा हलवलंय. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."