अण्णा आणि दुतोंड्या मारुती

सवय वेगळी आणि खोड वेगळी. पहाटे उठून खुडबुड करणाऱ्याला ती आपली चांगली सवय वाटते. त्याच्या भांड्यांच्या आवाजानं जागं होणारा तिला खोड म्हणतो. सवय लावता येते, सोडता येते. खोड जडते. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण ज्यानं काढली, त्याच्या घरी नक्कीच आमच्या अण्णांसारखे सासरे असणार.

अण्णांची खोड म्हणजे पूर पाहणं. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की त्यांचा पाय घरात ठरत नाही. मी सोलापूरची. पूर आला की माणसं नदीपासून लांब पळतात, अशी माझी भाबडी समजूत. नाशकात सगळे नदीकडे निघतात. तेही गोदावरीवर नाही, ‘गंगेवर’!

“अण्णा, किती क्युसेक सोडलंय ते मोबाइलवर आलंय की.”

“क्युसेक कुणी पाहिलाय? मारुती दिसतो.”

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पट्टी. पाणी गुडघ्याला म्हणजे किरकोळ, कंबरेला म्हणजे बरा पूर, गळ्याला लागलं की सराफ बाजारात आवराआवर. मग अण्णा १९६९च्या महापुरावर घसरतात. त्यापुढचे सगळे पूर त्यांच्या लेखी रिमझिमच.

आईंनी एकदा ही खोड मोडायचं मनावर घेतलं. स्कूटरची किल्ली तूरडाळीच्या डब्यात लपवली. अण्णा रिक्षानं निघाले, आणि “एवढ्या पावसात ह्यांना एकटं कसं सोडायचं” म्हणत आईही शेजारी जाऊन बसल्या. वर जाताना मलाच बजावलं, “डाळ शिजायला टाक.”

परवा पुन्हा तेच. भर पावसात मला होळकर पुलाशी नेलं. छत्री उलटी झालेली, चपलेत पाणी, पुढे डोकीच डोकी. मारुती काही दिसेना. एक पोलीस शिट्टी फुंकून फुंकून बेजार झाला होता.

“चला, चला! गर्दी करू नका. काय बघायचंय एवढं? घरी जा, आजोबा!”

“जातो हो साहेब. पण कुठवर आलंय?”

त्यानं शिट्टी तोंडातून काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर आडवा हात ठेवला.