बरका

गेल्या रविवारी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फणसाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आज संध्याकाळी पाच वाजता आमच्या परसात फणस फोडणार. सगळ्यांनी यायचं." दहा मिनिटांत चौदा अंगठे आले. तिघांनी हात जोडले. एका पोरानं जीभ बाहेर काढलेलं पिवळं तोंड टाकलं. मी हौसेनं चटया अंथरल्या, खोबरेल तेलाची वाटी भरून ठेवली, हात पुसायला जुन्या लुगड्याचे तुकडे केले.

साडेसहा वाजले तरी परसात आम्ही दोघं आणि मांजर. फणस उघडा पडलेला, वास पार रस्त्यापर्यंत गेलेला, माश्यांना मात्र निमंत्रण बरोबर पोचलेलं. हे म्हणाले, "अंगठे खाऊन पोट भरलं असेल लोकांचं."

राग आला खरा, पण चूक माझी होती. आमच्या घरात फणसाला कुणाला कधी बोलावलेलं नाही. फणस घेऊन आपण जायचं, हा आत्यांचा नियम. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या म्हणायच्या, "दारात आलेल्याला घ्यायला लाज वाटत्ये. आपण गेलो की द्यायची लाज आपली." तेव्हा मला हे उगाच डोकं चालवणं वाटायचं.

आमचं झाड बरक्याचं आहे, हे आधी सांगायला हवं. कापा असता तर ही पोस्ट लिहायची वेळच आली नसती. कापा फणस कसा, सभ्य. गरा कडक, सुरीनं कापावा, डब्यात भरावा, फ्रिजमध्ये ठेवावा, चार दिवस पुरवून खावा. आमचा मुलगा बेंगलोरला असतो. तिथल्या दुकानात आठ गरे प्लॅस्टिकच्या डबीत घालून विकतात म्हणाला, ते कापाचेच. बरक्याला असलं काही जमत नाही. गरा मऊ, लिबलिबीत, तोंडात घातला की चावायच्या आत घशाकडं निघतो. फोडला की त्याच दिवशी संपवावा लागतो, आणि दहा-बारा किलोचं फळ दोन माणसं संपवणार कशी? लोकांना वाटतं आम्ही मोठ्या मनानं वाटतो. सगळं मन आमचं नाही हो, निम्मं काम बरकाच करून घेतो.

आणि गंमत अशी की लावला होता कापाच. आजेसासूबाईंनी खानापूरच्या बाजारातून आणलेला फणस इतका गोड निघाला की त्यातल्या चार आठळ्या विहिरीकडेला पुरल्या. फणसाची आठळी वाळली की रुजत नाही, ओली असतानाच मातीत जावी लागते. त्यातलं एक रोप जगलं. आठ वर्षं त्याला घागरी घातल्या. पहिलं फळ आलं तेव्हा आत्या घरात नव्या सून म्हणून आलेल्या. सगळी भावकी जमली, आजेसासूबाईंनी विळीवर धरला, तर हात मनगटापर्यंत आत बुडाला! बरका. कापाच्या आठळीतून कापाच निघेल याची खात्री नसते, ज्याला तसंच झाड हवं त्यानं कलम लावावं. हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ऐकलं नसेल. आत्या सांगायच्या, म्हातारी दोन दिवस झाडाशी बोलली नाही.

आठळी पुरली ती 1956 च्या पावसाळ्यात, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. रोप वीतभर झालं तोवर नोव्हेंबर उजाडला आणि आम्ही मैसूर राज्यात गेलो. 1973 ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, 2014 ला गावाचं बेळगावी. घर तर त्याच्याही आधीचं, आमचा बेळगावातला शहापूर भाग सांगली संस्थानात होता तेव्हाचं. झाडानं जागा सोडलेली नाही, पत्ता तेवढा बदलत गेला. केरळानं 2018 साली फणसाला राज्यफळ केलं असं वाचलं तेव्हा हसू आलं. आमच्याकडं अजून राज्य कुठलं यावरच खटला चालू आहे, फळापर्यंत कधी पोचणार!

मी माहेरची खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. आमच्या घरामागं फणसच फणस. बरका आम्ही म्हशीपुढं टाकायचो, खोटं कशाला बोलू? वाटायचा कुणाला, सगळ्यांच्याच दारात झाड. 1991 ला लग्न होऊन शहापुरात आले आणि बघते तर इथं गरे मोजून ताटात घालतात. पहिल्या मे महिन्यात आत्यांनी मला शेजारी बसवून फणस फोडायला शिकवला, जणू मला येतच नव्हता. पण त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. सुरी नाही. हाताला कोपरापर्यंत तेल. देठाकडून अंगठे घालून साल उसवायची, मग मधला दांडा धरून अलगद ओढायचा, की गरे सालीला चिकटून राहतात आणि चिकाचा दांडा मोकळा बाहेर. पाती वेगळी काढायची. प्रत्येक गरा म्हणजे एकेका फुलाचं फळ, आणि ज्या फुलात बी धरलं नाही त्याची ती पाती. हे मला पुढं लेकाच्या पुस्तकातून कळलं. आत्यांचं शास्त्र सोपं होतं: गरा ताटात, पाती टोपलीत.

ताटं भरायची ठरलेली रांग होती. आधी समोरच्या ओळीतली घरं, स्टीलच्या ताटात, वर झाकण. मग पलीकडच्या अक्का. मग मागच्या बोळातले मागवाले, त्यांच्याकडं तेव्हा दिवसभर मागाची खडखड चालायची. सगळ्यात शेवटी जे उरेल ते, दबलेले गरे, पातीसकट, केळीच्या पानात गुंडाळून भांडी घासणाऱ्या मावशीला. परसदारातून. पाच-सहा वर्षं हे पान मी माझ्या हातानं दिलंय. मला त्यात काही खटकलं नव्हतं, हे लिहिताना आज खटकतंय.

मग एका वर्षी झाडानं दगा दिला. तीनच फळं धरली, त्यातली दोन वानरांनी खाल्ली. त्या जूनमध्ये मावशी गावाला जाऊन आली आणि डोक्यावर हा एवढा कापा घेऊन बसस्टँडवरून चालत आली. परसदारानं नाही. पुढच्या ओट्यावर फणस उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वैनी, औंदा तुमच्या झाडाला न्हाई न्हवं, म्हणून आणला." आत्या माजघरातून बाहेर आल्या, फणसाकडं बघितलं, मावशीकडं बघितलं, आणि मला म्हणाल्या, "चहा टाक गे." मावशी त्या दिवशी ओट्यावर बसून चहा प्यायली. कपबशीतून.

आत्यांनी चुकलं असं कधी म्हटलं नाही. त्यांच्या पिढीला ते जमायचं नाही. पण पुढच्या वर्षी पहिला फणस फोडला तेव्हा मी सवयीनं समोरच्या घराचं ताट ओढलं, तर म्हणाल्या, "थांब. आधी मावशीचं भर." वरचे, मोठे, न दबलेले गरे. बस्स, एवढंच.

म्हणून हल्ली फेसबुकवर "आमच्या लहानपणी अख्खी आळी एक कुटुंब होती" छापाचं काही वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो: तुमच्या आळीत कोण पुढच्या दारानं यायचं आणि कोण मागच्या? आंबा-फणस वाटला जायचा हे खरंच आहे, पण कुणाला कुठला तुकडा मिळायचा हे त्या पोस्टींत कधी नसतं. वाटलं म्हणजे झालं असं नाही. उरलेलं देणं आणि पहिलं देणं यात फरक आहे, आणि तो घेणाऱ्याला न सांगता कळतो.

अक्कांचं सांगायचं राहिलं. त्यांचं घर कानडी. 1 नोव्हेंबरला, म्हणजे आम्ही मैसूर राज्यात गेलो त्या तारखेला, आमच्याकडं काळा दिन आणि त्यांच्या गच्चीवर लाल-पिवळा झेंडा. त्या एका दिवशी दोन्ही घरातले पुरुष एकमेकांना दिसत नाहीत, इतकी अंगणं जवळ असून! मी त्यावर फार काही बोलणार नाही, ज्याचं त्याला दुखतं. पण आमचं ताट त्यांच्याकडं गेलं की चार दिवसांनी त्याच ताटातून शेंगाहोळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, येते, पातळ, कडेपर्यंत सारण गेलेली, आणि अक्का कुंपणावरून हात लांब करून म्हणतात, "तगोरी वैनी." पंचमीला तंबिट्टाचे लाडू. या लाडवांवरून मात्र आमचे मतभेद आहेत, त्या गूळ जरा जास्तच घालतात.

आता गल्ली बदलली. दोन वाडे पाडून तिथं अपार्टमेंट झालं. वरच्या मजल्यावरची मुलगी, आयटीवाली, घरून काम करते, एकदा धावत आली. "काकू, तुमच्या झाडाची बारकी फळं काळी पडून गळतायत, औषध मारा!" तिला हातात घेऊन दाखवलं. ती फळं नव्हेतच, नर फुलोरा. एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही येतात. नराचं काम झालं की त्याला बुरशी धरते, काळा पडतो आणि गळतो. ती म्हणाली, "म्हणजे नॉर्मल आहे?" म्हटलं, अगदी. हे बाजूलाच उभे होते, त्यांनी विषय बदलला.

तक्रारीही आहेत, नाहीत असं नाही. पानांचा कचरा होतो. मे महिन्यात झाडाखाली गाडी लावायची सोय नाही. गेल्या वर्षी एकाच्या बॉनेटवर फणस पडला आणि त्या घराशी आमचं बोलणं तीन आठवडे बंद होतं. त्यांचं बरोबर होतं, पिकलेलं फळ आम्ही वेळेवर उतरवायला हवं होतं. काटे पसरट झाले, थापटल्यावर बद्द आवाज यायला लागला, की थांबायचं नसतं. आम्ही थांबलो, कारण चढणारा माणूस मिळेना. आता कमरेला दोर बांधून फळ खाली सोडणारा गडी गावात शोधून मिळत नाही, ही खरी अडचण. झाड म्हातारं झालं नाही, चढणारे झाले.

तर त्या रविवारी साडेसहा वाजता मी पुन्हा हाताला तेल लावलं. एकशे अठरा गरे निघाले. सोळा डबे भरले. पहिला डबा आताच्या भांडीवाल्या बाईंना, त्या अजून कामावर होत्या, त्यांनी तिथंच दोन खाऊन आठळ्या पदरात बांधल्या, भाजीला. मग घरोघर. ज्यांनी अंगठे दिले होते त्यातल्या एकानं दार उघडलं आणि म्हणाला, "काकू, येणारच होतो, पण कोण आलंय कोण नाही कळेना, एकट्यानं कसं यायचं?" दुसऱ्या घरात सुनेचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं की ग्रुपवरचं निमंत्रण जुन्या लोकांसाठी, भाड्याच्या बिऱ्हाडासाठी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवालीनं आयुष्यात बरका खाल्ला नव्हता. दारातच एक तोंडात घातला, डोळे मोठे केले, आठळीसकट गिळते की काय असं मला वाटलं. मग म्हणाली, "हे चावायचं कसं?" चावायचं नाहीच गं, म्हटलं.

बॉनेटवाल्यांकडंही गेले. त्यांनी डबा घेतला, थँक्यू म्हणाले, दार लावलं. ठीक आहे.

वरच्या फांदीवर अजून दोन आहेत. एकाचा वास काल रात्रीपासून यायला लागलाय, आणि पाऊस धरला तर गरे पाणचट होतील, म्हणून गड्याला शनिवारी सकाळी बोलावलंय. यावेळी ग्रुपवर काही टाकणार नाही. संध्याकाळी दार वाजलं तर उघडा.